एक शहर, दोन आखाडे, आणि मधल्यामध्ये आपण (एडीसीसी २०२४ / सीजेआय)

मातीतला_गडी | सोम, १९ ऑगस्ट २०२४, सकाळी १०:१२

तीन रात्री झोप नाही. आज नारळी पौर्णिमा, बहीण राखी घेऊन यायची आहे. भद्रा दुपारी दीडपर्यंत आहे म्हणून तेवढा वेळ मिळालाय. झोपायचं सोडून धागा काढतोय, यावरून काय ते समजा.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एडीसीसी म्हणजे अबू धाबी कॉम्बॅट क्लब. १९९८ पासून चालू असलेली, आता साधारण दर दोन वर्षांनी होणारी सबमिशन ग्रॅपलिंगची सगळ्यात मानाची स्पर्धा. ठोसे नाहीत, लाथा नाहीत, जुजुत्सूचा अंगरखा नाही. पाडा, दाबा, आणि समोरच्याला हात आपटून हार मानायला लावा. यंदा १७-१८ ऑगस्टला लास व्हेगासच्या टी-मोबाइल अरीनात झाली. आणि त्याच शहरात, १६-१७ ऑगस्टला, थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये क्रेग जोन्स या ग्रॅपलरनं स्वतःची स्पर्धा लावली, क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल, म्हणजेच सीजेआय. दोन वर्षांपूर्वी एडीसीसी ज्या सभागृहात झाली होती, तेच सभागृह. मुद्दाम नाही असं कोण म्हणेल?

एडीसीसीत गट जिंकला की १०,००० डॉलर. क्रेगच्या सीजेआयमध्ये नुसता भाग घेतला की १०,००१ डॉलर, आणि गट जिंकला तर दहा लाख डॉलर. तो वरचा एक डॉलर म्हणजे निव्वळ खोडी.

निकाल सगळ्यांनी पाहिले असतीलच. सीजेआयमध्ये ८० किलोखाली केड रुओटोलो, वर निकी रॉड. एडीसीसीत ६६ ला दिओगो रेइस, ७७ ला मिका गॅल्व्हाओ, ८८ ला बोदोनी, ९९ ला कायनान दुआर्ते आणि शिवाय ओपनलाही (वजनाची अट नसलेला गट) तोच.

माझं दुखणं एकच. २०२२ ला ७७ किलोची फायनल केड आणि मिकामध्ये झाली होती. एक १९ वर्षांचा, दुसरा १८ चा. केडनं हील हूकवर (टाच पिळायचा डाव) जिंकली. त्या स्पर्धेत त्याच्या चार लढती, चारही सबमिशन. दोन वर्षं ज्या दुसऱ्या भेटीची वाट बघितली ती झालीच नाही, कारण केड एका आखाड्यात आणि मिका दुसऱ्यात. दोघंही एकाच गावात आणि दोघंही विजेते! मग खरा कोण?

---

खवचट_खारूताई | सकाळी १०:३१

खरा तोच ज्याच्या खात्यात आठ कोटी आले. धागा संपला, चला घरी.

---

गार्डवाली | सकाळी १०:४०

खारूताई, तुमच्या खोचकपणात तथ्य आहे हो.

दहा हजार डॉलर म्हणजे साडेआठ लाखांच्या आत. ऐकायला बरे वाटतात. पण दोन वर्षांतून एकदा, आणि तेही पहिल्या नंबराला. दुसऱ्याला पाच हजार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला एक. त्यात प्रशिक्षक, फिजिओ, खाणं, गुडघ्याची शस्त्रक्रिया. जगातला चौथ्या क्रमांकाचा माणूस एक हजार डॉलर घेऊन घरी जातो आणि आपण त्याला 'परंपरा' म्हणतो. ओपन जिंकलं तर चाळीस हजार, पण तो एकच माणूस.

मी सीजेआयच्या बाजूनं.

---

रंकाळ्याचा_वारा | सकाळी १०:५२

गावच्या जत्रंत पोरांच्या रेवड्यावरच्या कुस्त्या असत्यात बघा. जिंकला की ओंजळभर रेवड्या. तसलं चाललंय हे एडीसीसीचं. जगज्जेता म्हणायचं आणि रेवड्यावर वाटंला लावायचं. आणि क्रेगभाऊनं पयल्या कुस्तीपासनंच लाखाची लावली. नाद खुळा.

मला त्यो पिट लई आवडला. कडंनी उतरत्या भिंती हायत त्या. बाहेर गेला, मधी आणा, परत धरा, ही भानगडच न्हाई. आपला हौदाच की त्यो! फकस्त माती तेवढी न्हाई, आणि हळद-ताक न्हाई.

---

वाळवंटातला_वडापाव | सकाळी ११:०५

फिनिक्सहून गाडी हाणत गेलो होतो. शनिवारी सीजेआय, रविवारी एडीसीसी. तिकडे चाळीसच्या वर पारा, बाहेर निघालं की तव्यावर ठेवल्यासारखं. आत गेलो की थंडीनं काकडायला होतं. हा विरोधाभास पूर्ण शहरालाच लागू आहे.

हौद्याची उपमा एकदम चपखल. टीव्हीवर तो पिट गमतीचा वाटतो. समोर बसलं की कळतं, सगळ्या प्रेक्षकांची नजर एकाच खड्ड्यात असते. भिंतीवर रेटून टेकडाउन होतं, भिंतीचा उतार वापरून लोक निसटतात. एडीसीसीत पहिल्या फेऱ्यांना एकावेळी अनेक मॅटवर लढती. एकीकडे बघावं तर मागे आरडाओरडा होतो, वळेपर्यंत संपलेलं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये तीन पंगती एकदम उठतात तसं.

पण एक सांगतो. ओपन गट सुरू झाला तेव्हा अंगावर जो काटा आला तो पैशानं येत नाही. तिथे पंचवीस वर्षांचं काहीतरी साचलेलं आहे.

---

तालीम_नको_जिम_हवी | सकाळी ११:१८

मला एक समजावा. मी कुस्तीवाला. पाठ टेकली की संपलं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. अस्मान दाखवणं म्हणतात ते उगाच नाही. आणि हे लोक सलामी झाली की स्वतःहून खाली बसतात, पाठीवर लोळतात आणि 'ये' म्हणतात. लीवाय जोन्स-लिअरी फायनलपर्यंत पोचला तो बराचसा बसूनच. हा पैलवान कसा?

---

मातीतला_गडी | सकाळी ११:२७

याच प्रश्नावर माझी आणि वस्तादांची बोलाचाली दोन वर्षं चाललीय, त्यामुळे उत्तर तयार आहे.

कुस्तीत चित करणं हा शेवट. इथे तिथून गोष्ट सुरू होते. पाठीवर असलेल्या माणसाचे दोन पाय म्हणजे दोन जादा हात. तो पायांनी तुम्हाला अडवतो, ओढतो, उलटवतो, आणि टाच त्याच्या काखेत गेली की कुस्ती त्याची. खाली पडलेला हरतोय असं आपल्या डोळ्याला वाटतं, प्रत्यक्षात कधीकधी वरचाच पळवाट शोधत असतो.

आता एडीसीसी स्वतः कुस्तीवाल्यांना जवळची आहे. लढतीचा पहिला अर्धा भाग गुणच नाहीत, काहीही करून बघा. दुसऱ्या अर्ध्या भागात गुण सुरू झाले आणि तुम्ही स्वतःहून खाली बसलात तर वजा एक. पाडलं तर दोन, आणि पाडून थेट त्याच्या पायांच्या पलीकडे जाऊन दाबलं तर चार. म्हणजे पट काढता येणाऱ्याला इथे मान आहे. निकी रॉड हा त्याचाच पुरावा. मूळचा कुस्तीवाला, २०१९ ला जुजुत्सूतला नवशिक्यांच्या जवळचा निळा पट्टा असताना एडीसीसीच्या फायनलला गेला.

---

लेगलॉक_दादा | सकाळी ११:४४

निकी रॉडची कहाणी पूर्ण सांगा की राव. २०१९ ला फायनलला कायनानकडून हरला, रौप्य. २०२२ ला +९९ च्या फायनलला गॉर्डन रायनकडून हील हूकवर हरला, पुन्हा रौप्य. दोन रौप्यं घरात, सोनं एकही नाही. आणि मग एका शनिवारी दहा लाख डॉलर. मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. बायको उठून बघून गेली, काही बोलली नाही.

हील हूकबद्दल नवीन लोकांसाठी: टाच पिळली की मार घोट्याला नाही, गुडघ्याला बसतो. आणि दुखायला लागेपर्यंत आत काहीतरी गेलेलं असतं. म्हणून यात शहाणे लोक दुखायच्या आधी टॅप करतात, म्हणजे हात आपटून हार मानतात. टॅप म्हणजे भित्रेपणा हे डोक्यातून काढल्याशिवाय हा खेळ कळत नाही.

---

रंकाळ्याचा_वारा | सकाळी ११:५८

ह्यावरनं आठवलं. कराचीत १९७६ साली जपानच्या इनोकीसंगं आपल्या गामाच्या घराण्यातला अक्रम पैलवान लढला. इनोकीनं हात पिरगाळला, ह्यानं हार मानली न्हाई, खांदा गेला पर शब्द गेला न्हाई. आमचं आजोबा ही गोष्ट सांगताना छाती फुगवायचे.

आता मी स्वतः दोन वर्सं नो-गी (बिनअंगरख्याचं ग्रॅपलिंग) करतोय. तीच गोष्ट आठवली की वाटतं, टॅप केला असता तर खांदा वाचला असता की. आजोबास्नी हे सांगायची टाप न्हाई.

---

चष्मिस_पुणेकर | दुपारी १२:१०

अक्रम हा गामाचा पुतण्या. गामाचा भाऊ इमामबक्ष, त्याचा मुलगा. 'आपल्या' म्हणायला हरकत नाही, पण तेव्हा घराणं पाकिस्तानात होतं. एवढी दुरुस्ती.

आणि तोच डाव, म्हणजे हात मागे पिळायचा, ज्याला आज सगळे किमुरा म्हणतात, तो मासाहिको किमुराच्या नावाचा. १९५१ ला ब्राझीलमध्ये त्यानं हेलिओ ग्रेसीचा हात याच डावावर मोडला. ग्रेसीनंही टॅप केला नव्हता, कोपऱ्यातून टॉवेल आला. ज्यांच्या घराण्यानं टॅपचा खेळ जगाला दिला त्यांचीही हीच तऱ्हा. हरलेल्या माणसानं जिंकणाऱ्याचं नाव डावाला दिलं, हे मला फार आवडतं.

धाग्याच्या विषयावर: फुकट बघायला मिळालं याचा कोणी उल्लेख का करत नाही? सीजेआय यूट्यूबवर फुकट होतं. एडीसीसी बघायला वर्गणी भरावी लागते. आपल्या सदाशिवी हिशोबानं निकाल तिथेच लागला.

---

खवचट_खारूताई | दुपारी १२:१४

पुणेकर, दुपारच्या झोपेची वेळ होत आली तरी एवढा मोठा प्रतिसाद? दंडवत.

---

गार्डवाली | दुपारी १२:३३

इतके प्रतिसाद झाले आणि बायकांच्या गटावर अक्षर नाही, म्हणून मीच लिहिते.

अॅडेल फोर्नारिनो. ऑस्ट्रेलियाची. ५५ किलोचा गट जिंकला, आणि मग ओपनही जिंकलं. ५५ किलोची बाई, समोर कुणीही, कितीही वजनाची, आणि सोनं हिचं. यंदा बायकांचे गट दोनाचे तीन केले (५५, ६५ आणि त्यावर), त्यामुळे हलक्या मुलींना स्वतःचं घर मिळालं. २०२२ पर्यंत ६० च्या खाली सगळ्या एकत्र होत्या. मी स्वतः ५२ ची आहे. आमच्या जिममध्ये माझी जोड म्हणजे ७० किलोचा कोणीतरी आयटीवाला, जो पहिल्या मिनिटाला म्हणतो 'मी हळू करतो हं' आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या बरगड्यांवर बसलेला असतो. त्यामुळे अॅडेलची ओपन मी चार वेळा बघितली. अजून बघेन.

आणि सीजेआय समर्थक असूनही सांगते: तिकडे बायकांचा दहा लाखांचा गटच नव्हता. फियोन डेव्हिस विरुद्ध मॅकेन्झी डर्न अशी एक स्वतंत्र लढत होती, फियोन जिंकली, छान झाली. पण दोन्ही मोठी इनामं पुरुषांना. खेळाडूंना न्याय म्हणत असाल तर अर्धा न्याय म्हणा.

---

लेगलॉक_दादा | दुपारी १२:४१

+१. हे आम्ही कोणी लिहिलं नाही याची लाज वाटली.

सीजेआयमधल्या क्रेग विरुद्ध गॅबी गार्सिया या लढतीबद्दल तुमचं मत काय? मला ती लढत म्हणजे जत्रेतला मौत का कुआँ वाटली.

---

गार्डवाली | दुपारी १२:५५

गॅबी अनेकदा एडीसीसी जिंकलेली बाई आहे, खेळणं नाही. तिला तो करार मान्य होता, पैसे मिळाले, ती लढली, मागून गळा आवळला गेला, हरली. मला त्यात अपमान दिसला नाही. पण त्या लढतीवर जेवढे मीम झाले त्याच्या पावपट तरी अॅडेलवर व्हायला हवे होते, एवढंच.

---

तालीम_नको_जिम_हवी | दुपारी १:०२

अवांतर: वजनाचा विषय निघालाच आहे तर... नको, विनेशची जखम अजून ओली आहे. १०० ग्रॅम. परवाच अपील फेटाळलं. मी हे सगळं बघताना सारखा तोच विचार करत होतो. ओपन गट म्हणजे काटाच नको ही कल्पना किती मोकळी वाटते अशा वेळी.

---

रंकाळ्याचा_वारा | दुपारी १:०६

विनेशवर दुसरा धागा हाय, तिकडं रडून आलोय. हितं नको.

---

नो_गी_नो_प्रॉब्लेम | दुपारी १:२०

बरेच महिने रोमात (नुसता वाचत) होतो, आज खातं उघडलं.

मिकाबद्दल कोणी नीट लिहिलेलं नाही. या एका वर्षात त्यानं गीमधल्या (अंगरख्यातल्या) चारही मोठ्या स्पर्धा (युरोपियन, पॅन, ब्राझिलियन, वर्ल्ड्स) जिंकल्या आणि वर एडीसीसी. वय वीस. अंगरखा घालून आणि न घालता, दोन्हीकडे. केडला आठ कोटी मिळाले असतील, पण हा विक्रम दहा लाख डॉलरला विकत मिळत नाही.

---

खवचट_खारूताई | दुपारी १:२४

स्वागत आहे. पण २०२२ च्या वर्ल्ड्सनंतर उत्तेजकांच्या चाचणीत सापडला, पदक गेलं, वर्षभर बंदी झाली, हेही लिहा की. नवीन खातं, एवढी घाई?

---

नो_गी_नो_प्रॉब्लेम | दुपारी १:३१

मान्य. क्लोमिफेन सापडलं, शिक्षा झाली, ती भोगून परत आला. तेव्हा अठरा वर्षांचा होता. आणि एडीसीसी तर चाचणीच घेत नाही, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या इतर कुणाबद्दल आपल्याला काय माहीत आहे? ज्याची चाचणी झाली त्यालाच डाग, ज्यांची झालीच नाही ते स्वच्छ. हा हिशोब मला पटत नाही.

---

चष्मिस_पुणेकर | दुपारी १:३८

हा मुद्दा बिनतोड आहे. खारूताई, अस्मान.

त्याच ७७ किलोत वाग्नर रोशा फायनलला आला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. मिका त्याच्या निम्म्या वयाचा. फायनलमध्ये वाग्नर हरला, पण माझ्यासारख्या पाठदुखीवाल्यांना दोन दिवस आशा देऊन गेला.

---

लेगलॉक_दादा | दुपारी १:५०

पण खरं बोलायचं तर केड असता तर तो फायनल वेगळा असता. इथेच माझा सीजेआयवर राग. दोन्ही स्पर्धा वेगळ्या महिन्यात ठेवता आल्या असत्या. एकाच शनिवार-रविवारी, एकाच गावात लावायची म्हणजे भांडण हाच कार्यक्रम.

---

गार्डवाली | दुपारी २:०४

वेगळ्या महिन्यात ठेवली असती तर कोणीही एडीसीसीला काही विचारलं नसतं. सगळे दोन्हीकडे खेळले असते आणि बक्षीस पुन्हा दहा हजारच राहिलं असतं. खेळाडूला निवड करायला लावली म्हणून तर त्याची किंमत कळली. गावात एकच किराणा दुकान असलं की काय होतं माहीत आहे ना?

---

रंकाळ्याचा_वारा | दुपारी २:१५

आपल्याकडं गेल्या नोव्हेंबरात दोन दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. एक फुलगावला, एक धाराशिवला. दोन संघटना, दोन गदा. पोरांना पैसं वाढवून मिळालं का? न्हाई. लोकांनी नुसतं इच्यारलं, खरा केसरी कंचा? म्हनून म्हनतो, दोन आखाडं झालं म्हंजी पैलवानाचं भलंच हुतंय असं न्हाई.

---

वाळवंटातला_वडापाव | दुपारी २:२६

भारी मुद्दा. पण फरक आहे. तिथे दोन संघटना भांडल्या आणि पैलवान त्यांच्यामागे गेले. इथे एक खेळाडूच उठला आणि म्हणाला, मी लावतो मैदान. क्रेग स्वतः एडीसीसीच्या फायनल हरलेला माणूस आहे, २०२२ ला कायनानकडूनच. त्याला माहीत आहे दुसऱ्या नंबराला काय मिळतं.

पैसे मात्र निनावी देणगीदाराचे होते. तो उद्या कंटाळला तर? हा प्रश्न मला व्हेगासमध्ये शेजारी बसलेल्या टेक्सासच्या माणसानं विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

मातीतला_गडी | दुपारी ४:४८

राखी झाली, नारळीभात झाला, दोन तास मेल्यासारखा झोपलो. आता डोकं जाग्यावर आहे.

रंकाळ्याच्या वाऱ्यानं महाराष्ट्र केसरी काढली तेव्हा मला झोपेतच सुचलं. आपल्याकडे माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. दोन्हीचे नियम वेगळे, पायाखालचं वेगळं, पैलवानही बरेचदा वेगळ्या घडणीचे. कोणी म्हणत नाही की एक खरा आणि एक खोटा. शेवटी मातीचा विजेता आणि गादीचा विजेता समोरासमोर उभे राहतात आणि गदेचा निकाल लागतो. ही सोय आपल्या लोकांनी किती वर्षांपूर्वी लावून ठेवलीय!

तेच करा. पिटचा विजेता केड, मॅटचा विजेता मिका. सीजेआयवाल्यांची ८० ची मर्यादा, एडीसीसीची ७७, तीन किलोंवरून अडायचं कारण नाही. वर निकी रॉड विरुद्ध कायनान, २०१९ च्या फायनलची परतफेड. पैसे क्रेगनं द्यावेत, पंच एडीसीसीनं. वेळेची मर्यादा नको, निकाली लावा.

---

लेगलॉक_दादा | संध्या. ५:०३

निकाली! अनुमोदन. फक्त पहाटे साडेपाचला नको, आपल्या सोयीनं ठेवा म्हणावं.

---

चष्मिस_पुणेकर | संध्या. ५:१०

'निकाली' लिहिणं सोपं आहे. वेळेची मर्यादा काढली की दोन तुल्यबळ लोक तासभर नुसती खडाखडी करतात, आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतो. जुन्या मैदानांच्या हकिकती ऐकल्या असतील. सीजेआयची पद्धत बरी: पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, फायनलला पाच, प्रत्येक फेरीला पंच दहा-नऊ असे गुण देणार. रेंगाळला तो फेरी हरला. केड आणि अँड्र्यू टॅकेटची लढत आठवा. पंधरा मिनिटांत दोघांपैकी कोणी श्वास घ्यायला थांबला असेल तर मला दाखवा.

---

रंकाळ्याचा_वारा | संध्या. ५:१७

ती कुस्ती म्हंजी विषय हार्ड. त्या टॅकेटचं पोरगं हरलं पर मी त्याचाच फॅन झालो.

---

मातीतला_गडी | रात्री ९:३५

पुणेकर, तुमचं मानून वस्तादांना संध्याकाळी तीच लढत मोबाइलवर दाखवली. केड–टॅकेट. वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा कपाळावर, तालमीच्या ओट्यावर बसून पूर्ण पाहिली. दोन वर्षं मला 'लोळणारे' म्हणून हिणवणारा माणूस. मध्ये एकदा फक्त 'हां' म्हणाले, केडनं टांग मारून उलटवलं तेव्हा. संपल्यावर मोबाइल परत दिला.

मी विचारलं, कशी वाटली?

म्हणाले, "पोरं लोण्यासारखी निसटतात. जोर किती मारतात दिवसाला?"

मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, त्या दुसऱ्याची पण लाव, ती मघाशी म्हणालास ती, बारक्या पोरीची.

---

गार्डवाली | रात्री ९:४१

लावलीत ना???

---

मातीतला_गडी | रात्री ९:५२

लावली. नंतर बॅटरी संपली. उद्या पुन्हा बोलावलंय, चार्जर घेऊन.